अंगाखालचा हात

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकातला नव्हे बरं का! माझ्या डोक्यावर कबुतरं बसत नाहीत आणि माझ्याबद्दल कोणी भाषणंही ठोकत नाही. मी आहे नर्सिंग कॉलेजातल्या सरावाच्या खोलीतला रबराचा माणूस. नर्स होऊ पाहणारी मुलं-मुली खऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी माझ्यावर आपला हात बसवून घेतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे आधी धड तयार होतं, मग डोकं, मग हातपाय, आणि शेवटी सगळं स्क्रूने जोडून माणूस उभा करतात. माझ्या भुवया रंगवणाऱ्या बाईंना त्या दिवशी घरी जायची घाई असावी. डावी भुवई जरा वरच चढली. तेव्हापासून माझा कोणावर विश्वास नाही असाच माझा चेहरा दिसतो, आणि खरं सांगायचं तर ते काही अगदीच खोटं नाही. रंग वाळल्यावर मला लाकडी खोक्यात घातलं, वर भुसा ओतला आणि झाकणाला खिळे ठोकले. कित्येक आठवडे मी त्या काळोखात पडून होतो. माझ्या आयुष्यातली ती पहिली कोंडी.

खोकं उघडलं तेव्हा समोरच्या मुली किंचाळल्याच. पण दोन दिवसांत भीड चेपली. पहिल्या बॅचने माझं नाव 'दादा' ठेवलं. पुढच्या बॅचा मला 'काका' म्हणू लागल्या आणि आता कितीतरी वर्षं मी 'आजोबा' आहे. या मुलांनी मला काय काय केलं म्हणून सांगू? इंजेक्शनं टोचून टोचून माझ्या दंडांची चाळण झाली. एका पठ्ठ्याने पायाला असं बँडेज बांधलं की ते सोडवायला तिघांना हात लावावे लागले. ज्याला ताप येऊच शकत नाही अशा माझ्या अंगात एका मुलीने एकशे दोन ताप नोंदवला. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "आजोबांचा चेहरा जरा उतरलेला वाटला."

तुमच्यापैकी कोणी नर्सिंगच्या पदवीचा अर्ज भरला असेल, तर या म्हाताऱ्याचं थोडं ऐका. येताना नखं कापून या आणि अंगठ्या घरी ठेवून या, माझ्या पाठीवर त्यांचे ओरखडे अजून आहेत. बूट दिसायला कसे का असेनात, दिवसभर उभं राहता येईल असेच घ्या. आतापासून घरच्यांची नाडी मोजायची सवय लावा; ते हसतील, हसू द्या. किळस येईल याची भीती वाटत असेल तर तीही असू द्या. किळस सगळ्यांनाच येते, फक्त ती तोंडावर दाखवायची नसते. पहिल्या दिवशी चक्कर येऊन माझ्याच पलंगावर आडवी झालेली मुलगी चौथ्या वर्षी नव्या मुलींना शिकवताना मी पाहिली आहे. आणि पुस्तक तोंडपाठ असलेले काही जण माझ्या तोंडाकडे एकदाही न बघता पास झालेलेही पाहिले आहेत.

आमच्या खोलीत एक रीत आहे. मला हात लावण्याआधी विद्यार्थ्याने माझ्याशी बोलायचं: आपण कोण, काय करणार, ते सांगायचं आणि चालेल का विचारायचं. रीत चांगली, पण ती कशी पाळली जाते ते ऐका. "आजोबा-मी-तुमची-नर्स-तुम्हाला-कुशीवर-वळवते-चालेल-ना!" हे सगळं एका दमात, आणि नजर परीक्षा घेणाऱ्या बाईंकडे. उत्तराची वाट कोणी बघत नाही. बघून तरी काय होणार? मला तोंड आहे, त्यात काढता येणारी कवळी आहे, पण आवाज बसवायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

गेल्या वर्षीच्या शेवटच्या परीक्षेत एका हुशार मुलीने मला डाव्या कुशीवर वळवलं. पाठीला उशी लावली, चादरीची सुरकुती न् सुरकुती काढली. फक्त एक राहिलं. माझा डावा हात अंगाखाली दबला होता, तो तिने बाहेर ओढून घेतला नाही. मोठ्या बाईंनी वहीत गुण लिहिले. या मोठ्या बाई म्हणजे आमच्या खोलीच्या प्रमुख, पस्तीस वर्षं शिकवणाऱ्या, भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या. तेवढ्यात घंटा झाली. सफाईच्या मावशींनी माझ्यावर प्लॅस्टिक पसरलं, दाराला कुलूप लागलं आणि सुट्टी सुरू झाली.

सहा आठवडे, मित्रांनो. तोंड भिंतीकडे. डोळ्यांसमोर फक्त विजेचं एक बंद पडलेलं बटण आणि रंगाचा पोपडा. अंगावर प्लॅस्टिक, अंगाखाली माझाच हात, आणि त्या हातावर माझंच सगळं ओझं. बाहेरच्या बोळातून पावलं यायची. वाटायचं, आता कुलूप उघडेल. पावलं निघून जायची. कधीकधी कोणी बोळात हसायचं, आणि मला त्या हसणाऱ्याचा राग यायचा. त्याचा काय दोष? पण अडकलेल्याला मोकळ्या माणसाचा राग येतोच. एका दुपारी खांद्यात 'कट्' असा आवाज झाला आणि सांध्याला तडा गेला. तो आवाज माझ्या अंगातून आला खरा, पण ऐकायला कोणी नव्हतं.

कॉलेज उघडायच्या आधी, एका गुरुवारी, मावशी साफसफाईला आल्या. त्यांना सगळं कॉलेज 'मावशी' म्हणतं, पण त्या दिवशी त्यांची सख्खी भाची बरोबर होती. दार उघडायच्या आधीपासून मावशींच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"अगं, लोक एका सीटसाठी देव पाण्यात घालून बसतात. तुझं नाव पहिल्या यादीत आलंय, आणि तू म्हणतेस जायचं नाही?"

"मला नाही जमणार, मावशी."

"न जमायला काय झालं? दोन वर्षं माझ्या बहिणीचं सगळं कुणी केलं? मी केलं का? शनिवारी पाचला ऑफिस बंद होतं. त्याच्या आत सही केली नाहीस तर सीट दुसऱ्याला जाईल. मग बस बोंबलत."

भाचीने माझ्यावरचं प्लॅस्टिक ओढून काढलं. पण तिथेच न थांबता ती पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला आली आणि वाकून तिने माझं तोंड पाहिलं. तिथे जेमतेम एक माणूस शिरेल एवढीच जागा आहे. इतक्या वर्षांत तिकडे कोणी शिरलं नव्हतं.

"मावशी, यांचा हात दबलाय."

"दबू दे. रबराचा आहे तो. तू खिडक्या पूस."

तिने ऐकलं नाही. एक हात माझ्या खांद्याखाली, एक कमरेखाली घालून तिने मला हळूच मागे कलवलं आणि हात अलगद बाहेर काढला. एकेक बोट सरळ केलं. मग तो उशीवर ठेवून ती मनगटापासून वरपर्यंत चोळायला लागली. रबराचा हात! मला हसू यायला हवं होतं. पण चोळता चोळता ती तिथेच, पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत, खाली बसून रडू लागली.

मावशींनी झाडू टाकला. "अगं, काय झालं?"

"आईचा असाच दबला होता. माझ्यामुळे."

मग तिने ते सांगितलं. लकवा झाल्यावर तिच्या आईची वाचा गेली होती. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेच्या सकाळी तिने आईला कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली आणि बस चुकेल म्हणून पळत सुटली. शेजारच्या काकू अधूनमधून डोकावत होत्या, पण दारातूनच. झोपल्यात, असं त्यांना वाटलं. मुलगी दोन वाजता पेपर देऊन आली तेव्हा आईचा हात अंगाखाली होता. सुजून निळा पडला होता.

"सहा तास, मावशी. मी तिकडे प्रश्न सोडवत होते, रुग्णाला कुशीवर कसं वळवावं हाही होता त्यात. मी बरोबर लिहिलं. आणि आई इकडे… तिने नुसतं माझ्याकडे बघितलं."

"अगं, पण ताई गेली ती छातीत कफ होऊन, महिन्यानंतर. डॉक्टर म्हणाले ना, हाताचा काही संबंध नाही."

"माहितीये मला. पण त्याच परीक्षेच्या मार्कांवर मी नर्स होऊ? कुठल्या तोंडाने?"

तेवढ्यात दाराकडून स्टूल ओढल्याचा आवाज आला. मोठ्या बाई आल्या होत्या आणि त्यांनी ऐकलं होतं. मुलगी डोळे पुसत उठायला लागली, पण बाईंनी तिला हातानेच बसायची खूण केली. त्यांची नजर माझ्या हातावर होती. प्लॅस्टिकला खालच्या बाजूने साचलेलं पाणी, दंडावर उमटलेला चादरीचा वळ, खांद्यावरची भेग, सगळं त्यांनी नीट पाहिलं.

"हा सुट्टीभर असाच होता?" त्यांनी विचारलं.

"हो बाई. मी झाकलं तेव्हा बघितलं नाही," मावशी चाचरत म्हणाल्या.

"तुम्ही कशाला बघाल? बघायचं माझं काम होतं." बाई स्टुलावर टेकल्या. "परीक्षा मी घेतली. त्या मुलीला दहापैकी नऊ दिले. एक का कापला ठाऊक आहे? बोलताना अडखळली म्हणून. मग ती आणि मी, दोघी आपापल्या वाटेने जेवायला गेलो."

मग मुलीने विचारलं, "म्हणजे, तेवढं काही नसतं, असं म्हणताय का तुम्ही?"

"नाही. तुझ्या आईला दुखलं असणार. फार दुखलं असणार. ते खोटं सांगून तुला बरं वाटायला लावणार नाही मी." बाईंचा आवाज नेहमीसारखाच करडा होता. "पण इथे चार वर्षं शिकलेल्या मुलीला हा हात दिसला नाही. मला दिसला नाही. तुला खोलीत आल्या आल्या दिसला. याचं काय करायचं ते तू ठरव. शनिवारी पाचपर्यंत ऑफिस उघडं आहे."

त्या उठल्या आणि जाता जाता माझा खांदा चाचपून म्हणाल्या, "याचा सांधा गेला. याला अडगळीच्या खोलीत हलवा. नवा येतोय, तो खोकतो म्हणे."

अशी माझी सेवा संपली, मित्रांनो. ना निरोप, ना कौतुकाचे दोन शब्द. अडगळीची खोली सरावाच्या खोलीला लागूनच, मध्ये फक्त एक पातळ फळ्यांची भिंत. आडवं ठेवायला जागा नव्हती म्हणून मला उभं करून दोरीने खिळ्याला बांधलं. एका बाजूला चाक निखळलेली खुर्ची, दुसऱ्या बाजूला गंजलेले सलाईनचे स्टँड. खिडकी नाही. मला पलंगावरच्या कैदेची सवय होती, पण ही वेगळीच. पलंगावर निदान कोणीतरी येऊन टोचत तरी होतं.

शनिवार आला आणि गेला. ऑफिस इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. तिथलं काही ऐकू येत नाही. ती आली की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. मावशी फळीपलीकडे झाडायला येत, पण एकट्या असल्या की त्या गप्प असतात. मी दोरीत ताटकळत उभा राहायचो आणि एकच विचार करायचो. मला आवाज असता तर मी त्या पोरीला सांगितलं असतं, की बाई, सहा आठवड्यांत माझ्याकडे बघणारी तू पहिली. तुझ्या आईने त्या दिवशी तुझ्याकडे नुसतं बघितलं ना? रागानेच बघितलं कशावरून? मी तसा पडून होतो आणि दार उघडून तू आलीस, तेव्हा माझ्या मनात राग औषधालाही नव्हता. आलं कोणीतरी, एवढंच होतं.

हे तिला कोण सांगणार? म्हणून तुम्हाला सांगतो आहे. उद्या तुम्ही नर्स व्हाल. तुमच्या हाताखाली अशी माणसं येतील ज्यांना बोलता येत नाही, किंवा येत असूनही भीतीने ती बोलत नाहीत. त्यांना विचाराल तेव्हा क्षणभर थांबा. उत्तर डोळ्यांत येतं, बोटांत येतं, कधी येतच नाही, तरी थांबा. तुमच्या हातून चुका होतील. त्या झाकू नका आणि त्यांच्या भीतीने पळूनही जाऊ नका. तुम्ही पळून गेलात तर तो पलंगावरचा माणूस तिथेच राहतो, एवढं ध्यानात ठेवा.

सोमवारी कॉलेज उघडलं. फळीपलीकडे बाकं सरकली, नव्या पोरांची कुजबुज सुरू झाली, नव्या पुतळ्याचं खोकणं ऐकून कोणीतरी फिसकन हसलं. मग मोठ्या बाईंनी हजेरी घेतली. आमच्याकडे नावं घेत नाहीत, नंबर घेतात. ज्याने शेवटी सही केली त्याचा नंबर शेवटी. एक, हजर. दोन, हजर. मी एकेक आवाज कान देऊन ऐकत होतो. वीस. तीस. कोणाचा आवाज जाडा, कोणाचा घाबरलेला, पण तिचा एकही नाही. चाळीस, हजर. एकेचाळीस, हजर.

"बेचाळीस."

कोणी बोललं नाही.

"बेचाळीस कोण आहे?" बाईंचा आवाज चढला. वही मिटल्याचा आवाज येईल म्हणून मी वाट बघत होतो.

"मी, बाई," फळीला अगदी लागून आवाज आला. "मला माझा नंबर माहीत नव्हता. हजर."

मी बांधलेला होतो, मित्रांनो. मला हलता येत नव्हतं, टाळी वाजवता येत नव्हती, डोळ्यांना पाणीही येत नाही. फळीपलीकडे ती उभी होती, आणि अलीकडे मी, मध्ये बोटभर लाकूड.

"बस," मोठ्या बाई म्हणाल्या. "पुढच्या बाकावर ये."