बटणावरचा हात

आईचा आवाज त्या कॉम्प्युटरमध्ये होता, आणि कॉम्प्युटर मेला होता.

आजाराने तिचं सगळं अंग लुळं पडत गेलं, पण जीभ जाण्याआधी आम्ही तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला. आता ती डोळ्यांनी पडद्यावरची अक्षरं निवडते आणि कॉम्प्युटर तिच्या आवाजात बोलतो. आज दुपारी मी मदरबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे मशीनला जागं करणारा मूळ प्रोग्राम, अपडेटला लावलं आणि दूध बघायला गेले. तेवढ्यात बाबा खोलीतून निघाले आणि सवयीने भिंतीवरचं कॉम्प्युटरचं बटण बंद करून आले; अपडेट अर्ध्यातच तुटलं. जन्मभर हेच. खोलीत माणूस बसलेला असला तरी दिवा जातो.

"मी काय मुद्दाम केलं?"

"मुद्दाम केलं असतंत, तर निदान विचारून तरी केलं असतंत!"

कॉम्प्युटरचा पंखा फिरत होता, पडदा काळा ठिक्कर. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काढून पुन्हा बसवली. मेमरीची एक पट्टी काढून पाहिली. काही नाही. नवा बोर्ड आणता आला असता, पण डिस्कला कुलूप होतं आणि किल्ली याच बोर्डात. आवाजाची दुसरी प्रतही मी त्याच डिस्कवर ठेवली होती. एवढा शहाणपणा माझा!

आई एकटक स्विचबोर्डकडे बघत होती.

"कळलं गं, बाबांनीच बंद केलं. दुखतंय का कुठे?"

तिने दोनदा डोळे मिटले. म्हणजे नाही. नजर पुन्हा भिंतीवर.

शेवटचा उपाय उरला. पेनड्राइव्हमध्ये फर्मवेअरची फाइल घालून तो मागच्या ठरावीक खाचेत लावायचा, शेजारचं छोटं बटण दाबायचं आणि त्या बटणातला दिवा लुकलुकतोय तोवर वीज जाऊ द्यायची नाही. पहिल्या पेनड्राइव्हला दिवा जरा लुकलुकला आणि तसाच पेटून राहिला. फसलं. दुसरा, जुनापुराणा लावला. दिवा लुकलुकत राहिला.

बाबा राखणीला स्विचबोर्डपाशी स्टूल टाकून बसले होते. बाहेर त्यांचा फोन वाजला. ते उठले, आणि हात आपसूक बटणाकडे गेला.

"बाबा!" मी किंचाळले.

हात हवेतच थांबला. आईचे डोळे विस्फारले होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हाही ती एवढी घाबरली नव्हती.

लुकलुकणारा दिवा आपोआप विझला, म्हणजे फाइल पूर्ण भरली गेली. मी मशीन चालू केलं. पडदा काळाच राहिला, इतका वेळ की मी रडायला लागले. मग तो उजळला. डिस्कचं कुलूप उघडलं.

आईची नजर अक्षरांवरून फिरू लागली. आता बोलणी बसणार म्हणून बाबा मान खाली घालून उभे.

"अहो," आईचा आवाज आला, "तुम्ही बंद केलंत त्याच्या शेजारचं बटण माझ्या श्वासाच्या मशीनचं आहे."

ते मशीन आम्ही तिला रात्री लावतो. बाबांनी भिंतीकडे पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसले.

"रोज रात्री तुम्ही खोलीतून निघता, तेव्हा मी तुमच्या हाताकडे बघत असते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." नजर पुन्हा अक्षरं शोधू लागली. आम्ही थांबलो.

"आज वाटलं, आता सांगायचं राहूनच गेलं."