सतरा नंबरचा राखणदार

माझं नाव इंटरल्युकिन सतरा. नाव कसलं, कैद्याचा नंबरच तो! मी अंगातलं एक प्रथिन. जंतू घुसले की गलका करायचा, सूज आणायची, कुमक बोलवायची, हे माझं काम. आमच्यातला एकेक जगतो तो किती थोडा वेळ. पण गत सगळ्यांची एकच झाली, म्हणून सगळ्यांच्या वतीनं मीच बोलतो.

माझा जन्म सर्बियातल्या एका गावात, स्तानियाच्या अंगात झाला. स्तानिया 'कोरे' विकायची, थर लावून भाजायच्या पदार्थांसाठीचे पातळ पदर. पिठाचे पदर हातानं टेबलभर ओढायचे, इतके पातळ की खालच्या चादरीवरची फुलं दिसावीत. सगळी करामत बोटांची. त्या बोटांवर तिचं घर चालायचं आणि तोराही.

एके दिवशी माझ्या थोरल्या भावानं, मला हुकूम सोडणाऱ्या तेवीस नंबरानं, बोंब ठोकली, "कोपरावर शत्रू आलाय, धाव!" थोरल्याचा शब्द, मी धावलो. कातडीला म्हणालो, वाढ, तट उभार. ती वाढतच गेली. लाल चट्टे उठले, वर पांढरे खवले. आणि शत्रू? औषधालाही नव्हता.

मग हाक बोटाच्या सांध्यातून आली. मी मूर्ख, तिथंही गेलो. मधलं बोट टम्म सुजलं, सकाळी मूठ मिटेना.

"प्रोमाया, दुसरं काय!" सासू पर्सिदा म्हणाली. "समोरासमोरच्या खिडक्या उघड्या टाकतेस. शिरला वारा सांध्यात."

इथली माणसं लांडग्याला भिणार नाहीत इतकी या झोताला भितात. स्तानिया भर उन्हाळ्यात लोकरी जाकीट घालून दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, जाकीट काढा. ही म्हणाली, आधी खिडकी लावा. खिडकी लागली नाही, जाकीट निघालं नाही. त्यांनी बोट पाहिलं, कोपर नाही. "कामानं झिजलंय," म्हणाले. अशी वर्षं गेली, आणि मी शत्रू शोधत तिचं हाड कुरतडत राहिलो.

शेवटी तियाना नावाच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघायला तिची बाही वर सारली.

"हे कोपरावर कधीपासून?"

"ते कातडीचं हो," पर्सिदा मध्येच म्हणाली. "तुम्ही सांध्याच्या ना?"

"आजी, दोन्ही एकाच घरचं आहे. सोरायसिस. कातडीला होतो तसा सांध्यालाही होतो. यांच्याच अंगातलं एक प्रथिन यांच्यावर उलटलंय. इंजेक्शनं घेतली तर बाकीची बोटं वाचवता येतील. हे मात्र वाकलं ते वाकलं."

स्तानिया बोटाकडे बघत राहिली. "माझ्याच अंगानं केलं होय? परक्यानं केलं असतं तर शिव्या तरी घातल्या असत्या."

ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आता औषध मला गाठून माझे हात बांधतं. थोरल्याचं नाव या घरात कुणाला ठाऊकही नाही. बदनाम झालो तो मी. स्तानिया पुन्हा कोरे ओढते. वाकडं बोट लागून पदर फाटतो, ती चिमटीनं जोडते.

स्तानिया, येतो मी. वैरी म्हण, घरभेदी म्हण, ऐकून घेईन. पण बाई, हाक तुझ्याच घरातून आली होती. तू संकटात आहेस म्हणाले, म्हणून मी आलो गं.