घड्याळाच्या दुकानाचा कर

"या पत्त्यावर नोंदणी नको," आमच्या घरमालकीण येनमावशी म्हणाल्या आणि मी केलेल्या भोपळ्याच्या गोड 'पाय'चा दुसरा तुकडा उचलला. "राहा, भाडं द्या, काय भाजायचं ते भाजा."

माझी तान्ही लेक ओपल कडेवर होती. तिचा हात मावशींच्या गरम चहाकडे निघाला, तो मी धरून ठेवला. खाली गाळ्यात कालच आमच्या बेकरीची भट्टी आली होती आणि माझा नवरा डॅरेल सकाळपासून तिच्याभोवती नवरदेवासारखा फिरत होता. पत्त्याशिवाय दुकानाची नोंदणी नाही, नोंदणीशिवाय राहण्याचा परवाना नाही. मग हे तैनान शहर सोडायचं आणि परत अमेरिकेत, ओहायोला. नोंदणी केली की घरपट्टी वाढते, म्हणून इथले घरमालक नको म्हणतात, हे मला ठाऊक होतं.

"वाढीव घरपट्टी आम्ही भरू, मावशी."

"घरपट्टीचं नाही गं. तिथे आधीच एक दुकान आहे."

घड्याळं दुरुस्त करणारे त्यांचे यजमान, मु-शेंग, जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्यांच्या गाळ्याच्या शटरचा गंज मीच खरवडला होता.

"ते तर बंद आहे ना?"

"कागदावर मी बंद केलंच नाही. दर तिमाहीला कराचं पाकीट येतं. पोस्टमन खालून त्यांच्या नावाने हाक मारतो. मी खाली जाते, घेते, भरते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्हा अमेरिकनांचंही तसंच. कुठेही जाऊन राहिलो तरी दरवर्षी मायदेशाला कराचा हिशेब द्यायचा. मोठी झाली की हिलासुद्धा. इथे जन्मली म्हणून सुटका नाही."

"हिला? हिला अजून दात नाहीत."

"दातांचं ते विचारत नाहीत."

"आणि कुठवर द्यायचा?"

"मरेपर्यंत."

"मग आमचे हे तुमच्यापुढे गेले. मेल्यावरही भरताहेत."

मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले. मग बराच वेळ त्या बशीतला चुरा बोटाने गोळा करत राहिल्या.

"टॅक्सी बोलाव," त्या उठत म्हणाल्या. "पोर घेऊन स्कूटरवर तू काही बसायची नाहीस. कर कार्यालय बंद व्हायच्या आत जाऊ."

कार्यालयाच्या खिडकीतली मुलगी हळूच म्हणाली, "आजी, दुकान एकदा रद्द झालं की झालं हं." मावशींनी कमरेच्या पिशवीतून सहीऐवजी वापरायचा आपल्या नावाचा शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि तो कागदावर दाबून धरला. मला इतका आनंद झाला होता, की तो दिसू नये म्हणून मी ओपलच्या टोपीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

दुकान सुरू झालं. एका सकाळी बाहेरून पोस्टमनची हाक आली, "ओपलची भट्टी!" कर कार्यालयाचं आमचं पहिलं पाकीट. पिठाच्या हातांनी मी धावले, पण मावशी माझ्याआधी दाराशी पोचल्या होत्या. त्यांनी पाकीट घेतलं, नावावरून बोट फिरवलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"वेळेवर भर," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी कधी उशीर केला नाही."