आठ पायांची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुम्हाला वाटेल, हिच्यासाठी माणसं भांडली असतील. तसं काही झालं नाही. माझ्यावर बसायची वेळ येऊ नये, असंच सगळे म्हणत आले. माझं कोडं सोपं आहे. चार पायांवर उभी राहते, आठ पायांनी चालते, जिना उतरते, पण एकटी कधी उतरत नाही. माझ्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या आहेत. त्यांतून लांब दांडे ओवले की चार टोकं होतात, दोन पुढे आणि दोन मागे. एकेका टोकाला एकेक माणूस, मध्ये मी, आणि माझ्यावर ज्याला चालता येत नाही तो.

माझा जन्म एका कागदाच्या कारखान्यात झाला. वरच्या मजल्यावर कुणी पडलं-झडलं तर खाली आणायची सोय नव्हती. म्हणून तिथल्या तरुण सुताराने एक निकामी दार फाडलं आणि त्यातून मला घडवलं. दार होते तेव्हा मी माणसं अडवत असे. खुर्ची झाल्यावर त्यांना बाहेर नेऊ लागले. बैठक वेताची विणली गेली आणि पाठीवर पांढऱ्या रंगात एक शब्द आला : स्वयंसेवक.

शब्द वाळायच्या आतच मुकादमाने कामगारांना गोळा केलं.

"ही खुर्ची उचलायला स्वतःहून कोण येतंय?"

कुणी हललं नाही.

"बरं. मग तू, तू, तू आणि मागे लपलेला तू. स्वतःहून आलात, आभारी आहे."

"आपण हात कधी वर केला रे?" चौघांतला एक पुटपुटला.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात," दुसरा म्हणाला, "आपलं न दाखवताच झालं."

त्यांचे हात मला अजून आठवतात. पकड बरोबर होती, पण सैल. पाठवलेल्या माणसाची असते तशी. मग एकदा यंत्रात एका कामगाराचा पाय सापडला. त्याला उतरवताना तोच पुटपुटणारा एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने त्या माणसाचं डोकं धरून सगळा जिना उतरला. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाठवलेला माणूस वाटेत कधी स्वतःहूनचा होतो, ते त्याचं त्यालाही कळत नाही.

पुढे कारखान्याचा वाढदिवस आला. धडधाकट मॅनेजरसाहेब माझ्यावर बसले, इस्त्रीच्या सदऱ्यातल्या चौघांनी मला वीतभर उचललं आणि फोटो निघाला. कौतुक पुष्कळ झालं. घाम कुणालाच आला नाही. पाठीवरचा शब्द मात्र त्याच फोटोत सगळ्यात ठळक दिसला.

मग कारखाना बंद पडला. गरज सरो, वैद्य मरो. गोदामात माझ्यावर रंगाचे डबे रचले. वेत कुजला, कड्या गंजल्या. उंदराने बैठकीत बिऱ्हाड थाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या काळात माझ्यावर आपण होऊन येऊन बसणारा तो एकटाच.

गोदाम मोकळं करताना सुतार आला. तोच, पण कानशिलं पिकलेली. त्याने मला पालथं केलं, बोटाने सांधे दाबून पाहिले आणि म्हणाला, "चल, तुझं काम निघालंय."

काम असं होतं. सुताराच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक घड्याळजी राहत. लिफ्ट नव्हती. त्यांची मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणं भाग होतं, आणि पायांत तर उभं राहायचंही बळ नव्हतं. घरात एकटी लेक. सुताराने शब्द टाकला आणि पाच जण तयार झाले : सुतार स्वतः, पोस्टमन, वाचनालयातल्या बाई, रंगारी आणि पाववाला.

मला पाहून घड्याळजी आधी भडकले. "मी काय कपाट आहे, उचलून न्यायला?"

"कपाट तोंड तरी मिटून असतं, बाबा," लेक म्हणाली. "बसा आता."

ते बसले. पोस्टमनला गळा होता. पावलं जुळावीत म्हणून तो जिन्यावर गाऊ लागला, आणि बाकीचे दुसरी ओळ उचलू लागले :

*एक पायरी उतर गं, दुसरी जरा सावर गं,*
*माणूस नाही, काच गं, तळव्यावरती तोल गं.*

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त तिकीट तपासनीस राहायचे. घड्याळजींच्या न्हाणीघरातलं पाणी त्यांच्या छतातून गळायचं. त्यावरून दोघांत वर्षानुवर्षं अबोला होता. आम्ही उतरू लागलो की तपासनीस दार किलकिलं करायचे.

"आले! लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे आले! कठडा खरवडू नका!"

"तिकीट दाखवू का, काका?" पोस्टमन विचारायचा, आणि दार धाडकन लागायचं. घड्याळजी मान वळवत नसत.

मित्रांनो, या कामात एकच मेख होती. माणसं पाच होती आणि लागायची चार. म्हणजे दर वेळी एकाला सुट्टी. पण सुट्टी कुणाची, हे ठरवायला कुणी नव्हतं. स्वतःहून आलेल्यांना हुकूम कोण करणार? त्यांचं आपसूकच जमायचं. आणि एके सकाळी आपसूकच फसलं. रंगाऱ्याला वाटलं पाववाला जाईल, पाववाल्याला वाटलं रंगारी जाईल. दोघंही मनाने चांगले, दोघंही घरी.

आदली खेप डॉक्टर नसल्याने हुकली होती. घड्याळजींचे पाय सुजून टम्म झाले होते, श्वास भात्यासारखा चालला होता. आज चुकवून चालणारच नव्हतं. लेकीने वाट पाहिली, खाली उभ्या असलेल्या गाडीचा भोंगा ऐकला, आणि चौथं टोक स्वतः धरलं. तिचं मनगट नुकतंच प्लास्टरमधून निघालं होतं. एक मजला तिने काढला. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या चौकात तिचं टोक खाली आलं, मी तिरकी झाले, आणि बाईंनी गुडघा टेकवून मला कसंबसं अडवलं.

"वर न्या मला," घड्याळजी धापत म्हणाले. "पुढच्या वेळी बघू."

"पुढची वेळ नाही, बाबा!"

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. आज पुरतं उघडलं. तपासनिसांनी चौकात नजर फिरवली, तिकिटं मोजावीत तशी.

"चौघांचं काम तिघांवर? आणि ही पोर मनगट मोडून घेणार?"

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, लेकीला बाजूला केलं आणि दांडा धरला. पकड घट्ट होती. चिडलेल्या माणसाची असते तितकी घट्ट.

"काका," पोस्टमन चाचरला, "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं..."

"सांगितलं असतं तर आलो नसतो."

घड्याळजींनी कित्येक वर्षांनी त्यांच्याकडे मान वळवली. "ते तुमच्या छताचं..."

"ते भांडण मी सोडलेलं नाही."

"सोडूही नका," घड्याळजी म्हणाले. "फक्त दांडा सोडू नका."

आम्ही निघालो. पोस्टमनने पहिली ओळ म्हटली. दुसरी उचलायला सुतारापाशी आणि बाईंपाशी श्वास उरला नव्हता. ती उचलली तपासनिसांनी. बेसूर, पण एक शब्द न चुकता. बंद दारामागे उभं राहून त्यांनी ती केव्हाच पाठ केली होती.

त्या दिवशी घड्याळजी वेळेवर पोचले. पुढेही बराच काळ पोचत राहिले. रंगारी आणि पाववाला कान धरून आले आणि भिंतीवर खडूने पाळ्या लिहू लागले. तपासनिसांचं नाव तिथे कुणी लिहिलं नाही. ते तसेच यायचे, कठड्यावरून कुरकुरत.

मग घड्याळजी गेले. घरीच, झोपेत, मला न बोलावता. आता मी तिसऱ्या मजल्याच्या चौकात, तपासनिसांच्या दारापाशी असते. छत अजून गळतं. ते खाली बादली ठेवतात. लेक दुरुस्तीचं बोलली तर म्हणतात, "राहू दे. तुझ्या बापाचं तेवढंच माझ्याकडे उरलंय."

पाठीवरचा शब्द आता पुसट झाला आहे. तो रंगवून द्या असं मी म्हणणार नाही. तो ठळक होता तेव्हाचा फोटो मी पाहिला आहे. माझं मागणं लहान आहे. माझा वेत ओला ठेवू नका, कड्यांना अधूनमधून तेल द्या, माझ्यावर डबे रचू नका. आणि जिन्यात तीनच माणसांची पावलं वाजली, तर दार उघडून बघा. दार लावून घ्यायची मुभा तुम्हाला आहेच. तपासनिसांनाही होती. उभं राहायला माझे चार पाय पुरतात, मित्रांनो. चालायला आठ लागतात, आणि त्यांतले दोन नेहमी कुठल्या तरी बंद दारामागे असतात.