अडीच टनांचा साकव

केरू भुवडाला लोखंडाचं भारी वेड. देवरूखपासून पुढे डोंगराच्या अंगाला असलेल्या त्याच्या गावात लोक घराला रंग देतात, केरू गाडीला लोखंड लावायचा. पिकअप जुनीच घेतलेली, पण तिच्या अंगावर जे जे चढलं त्याला कारण होतं, आणि ते कारण केरू विचारल्याशिवायही सांगायचा. एकदा रानात गव्याने धडक दिली म्हणून पुढे जाडजूड गार्ड आला. जांभ्या दगडाचे चिरे वाहताना तळाचा पत्रा फाटला म्हणून त्यावर दुसरा जाड पत्रा आला. गाडी मागून बसायला लागली म्हणून चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत दोन-दोन पाटे वाढवले. केबिनच्या टपावर कॅरियर आला, मग दुसरा स्टेपनी टायर, साखळदंड, पहार, हत्यारांची पेटी. चिरे वाहणं बंद होऊन तीन वर्षं झाली तरी लोखंड काही उतरलं नाही. खरं सांगायचं तर त्या गाडीत बसलं की केरूला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

चिरे सुटल्यावर त्याने गाडीवर भात भरडायची गिरण बसवली. डिझेल इंजिन, गिरण, खाली लोखंडी चॅनेलचा सांगाडा, आरटीओची रीतसर परवानगी. वाडीवाडीत जायचं, देवळासमोर गाडी लावायची आणि दारात तांदूळ करून द्यायचा. घरातले पुरुष मुंबईला, मागे राहिलेल्या बायका भाताची ओझी डोक्यावर घेऊन कोस कोस चालणार. त्यांना ही गिरण देवासारखी वाटली. केरूची ख्याती चार गावांत झाली. फक्त एका वाडीत त्याची गिरण जात नव्हती, आणि ती नेमकी त्याच्या सासुरवाडीची टेपवाडी होती.

टेपवाडी म्हणजे नऊ घरं. मध्ये वहाळ, म्हणजे ओढा, आणि त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल. जुना साकव माणसांपुरताच होता. दोन वर्षांमागे नवा लोखंडी झाला, गाडी जाईल एवढा रुंद. पण त्याच्या तोंडाशी पाटी लागली: कमाल भार अडीच टन. केरूची बायको गंगा हिची आई काशी त्या पलीकडे एकटी राहायची. गेल्या साली भाताचं ओझं घेऊन गिरणीवर येताना ती साकवावरच घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं ते वाकडंच. तेव्हापासून काशीचं घरचं भात कणग्यात पडून, आणि ती रेशनचा तांदूळ खायची. जिने उभा जन्म स्वतःच्या शेतातला तांदूळ रांधला तिला ही गोष्ट किती लागली असेल, ते गंगाला कळत होतं. भाताचं पातेलं उतरवताना तिचा हात थांबायचा आणि केरू ते बघायचा.

शेवटी केरू सरपंच विठूदादांकडे गेला. दादा भला माणूस, पण कागदाचा पक्का. त्यांनी सांगितलं की वजनकाट्याची चिठ्ठी आण. गाडी, गिरण, डिझेल आणि चालक, सगळं मिळून अडीच हजार किलोच्या आत असेल तर माझी सही. एक किलो जास्त असेल तर चहा पिऊन परत जा. केरू हसत निघाला. आपली गाडी असून असून किती असणार, असं त्याच्या मनात होतं.

संगमेश्वरजवळच्या वजनकाट्यावर चिठ्ठी आली दोन हजार आठशे साठची. केरूने काटा बिघडलाय असं म्हणून बघितलं. काटेवाल्याने मागच्या ट्रकला रस्ता द्यायला सांगितलं.

रत्नागिरीला आत्माराम नावाचा एक बॉडीवाला होता. गार्ड, कॅरियर, जाड पत्रा, सगळं त्याच्याच हातचं. ज्याने चढवलं त्यानेच उतरवावं म्हणून केरू गंगाला घेऊन त्याच्याकडे गेला. आत्मारामने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून पाटे बघितले, आरसी बुक मागून वाचलं आणि डोक्यावरची टोपी मागे सरकवली.

"केरूभाऊ, गाडीने एकूण किती वजन घ्यायचं ते कंपनीने ठरवून दिलेलं असतं. त्यातलं तीनशे किलो तुम्ही लोखंडालाच देऊन टाकलंत. मालाला काय राहिलं?"

केरू म्हणाला की म्हणून तर पाटे वाढवले होते, ताकद यावी म्हणून. आत्मारामने मान हलवली. पाट्यांनी गाडी बसायची थांबते, पण ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच, टायर तेच. वर पाट्यांचं स्वतःचं वजन. तेव्हाच सांगायला हवं होतं, असं त्याने कबूल केलं. पण गिऱ्हाईक हौसेने आलं की त्याला परत कोण पाठवणार? एवढं प्रामाणिक बोलणं केरूने त्याच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं, आणि राग यायच्या जागी त्याला जरा हुरूपच आला.

तीन दिवस काम चाललं. उतरेल ती वस्तू आत्माराम काट्यावर ठेवायचा आणि भिंतीवर खडूने आकडा लिहायचा. गार्ड अठ्ठावन्न. कॅरियर छत्तीस. तळाचा जाड पत्रा काढून तिथे चांगला प्लायवूड बसवला, तिथे ऐंशी वाचले. साखळदंड, पहार, पेटी आणि दुसरा टायर मिळून बावन्न. चॅनेलचा सांगाडा तोडून पाइपचा केला, वाढवलेले पाटे काढले. आणखी एक चूक आत्मारामच्या नजरेला आली. भात ओतायला सोयीचं म्हणून केरूने गिरण आणि इंजिन अगदी मागच्या फळीशी बसवलं होतं. चढावर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हातात राहत नाही, हे केरूला ठाऊक होतं. तो त्याचं खापर रस्त्यावर फोडायचा. आत्मारामने सगळं उचलून पुढे, मागच्या चाकांच्याही अलीकडे घेतलं.

गार्ड खाली आला तेव्हा केरू त्याच्यावर हात ठेवून बराच वेळ उभा होता. गव्याने पाडलेला खड्डा अजून होता त्यावर. गंगा शेजारी जाऊन उभी राहिली. गार्डाशिवाय गाडीचं तोंड अगदीच उघडं दिसत होतं आणि केरूला उगाच लाज वाटली.

दुसरी चिठ्ठी, गाडीत एकटा केरू असताना, आली दोन हजार पाचशे चाळीसची. चाळीस किलोंनी गाडं अडलं. केरूने टाकीतलं डिझेल आधीच पाव टाकीवर आणलेलं, पायाखालची चटई काढलेली, आरसाही काढत होता तो गंगाने काढू दिला नाही. आता उतरवायला गिरणीशिवाय काही उरलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून केरू चिडून बोलू लागला. चाळीस किलोंनी काय साकव पडतोय? विठूदादा कुठे बघायला येणार? पहाटे गुपचूप जाऊ आणि गुपचूप येऊ.

"त्याच साकवावरनं माजी आयस चालते," गंगा म्हणाली. "तुमी एकदा जाल नि त्याचा खिळा ढिला कराल. मंग तिनं काय करायचं?"

गंगाने त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि परत परत वाचली. मग ती नवऱ्याकडे बघू लागली. गळ्यापासून पोटापर्यंत आणि पोटापासून परत वर.

"एक वजन उतरवायचं ऱ्हायलंय," ती म्हणाली.

केरूला कळायला थोडा वेळ लागला. तो होता शहाण्णव किलोंचा. गंगा शेहेचाळीस. आणि गंगाकडे लायसन होतं. देवरूखला बचत गटाच्या बायकांना गाडी शिकवली तेव्हा तिनेही परीक्षा दिली होती, पहिल्या फटक्यात पास झाली होती, आणि केरूने ते लायसन हसत हसत फडताळात ठेवायला सांगितलं होतं. गावातल्या मैदानाबाहेर तिने गाडी काढली नव्हती, कारण गाडी केरूची होती.

घरी येऊन केरू रुसला. दोन दिवस त्याने भाकरी अर्धी केली आणि संध्याकाळी शेजारच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहून आला. अर्धा किलो उतरलं होतं. चाळीस उतरायला पुढचा शिमगा येईल हा हिशेब त्याने मनात केला आणि तिसऱ्या दिवशी दोन वेळचं एकदम जेवला. त्याचं दुःख गाडीचं नव्हतं, ते सगळ्या वाडीला दिसणार याचं होतं. सासुरवाडीत जावई पायी चालत येणार आणि बायको गाडी चालवत! पण गंगाने भाताचं पातेलं उतरवलं, हात पुन्हा थांबला, आणि केरूने खुंटीवरची किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली.

पंधरा दिवस तो तिच्या शेजारी बसून शिकवत होता. आधी मैदानात, मग वाडीच्या चढावर. क्लच सोड म्हणून ओरडायचा, मग तिने बरोबर सोडला की खिडकीबाहेर बघायचा. ती त्याच्यापेक्षा हलक्या हाताने गिअर टाकते हे त्याच्या ध्यानात आलं. ते त्याने तिला सांगितलं नाही, आत्मारामला मात्र फोन करून सांगितलं.

तिसऱ्यांदा गंगा गाडीत बसून काट्यावर चढली आणि केरू खाली, चार हात लांब, हाताची घडी घालून उभा राहिला. चिठ्ठी आली दोन हजार चारशे नव्वद. विठूदादांनी ती चष्मा लावून वाचली, सही केली, आणि चालकाच्या जागी गंगाचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. हे नाव सोडून दुसरं कुणी बसलं तर परवानगी रद्द, असंही खाली घातलं. केरूकडे बघून ते हसले नाहीत, याबद्दल केरू त्यांचा जन्मभर ऋणी राहील.

टेपवाडीला गेले तो दिवस पौषातला होता, कोवळं ऊन होतं. साकवाशी गाडी थांबली. केरू उतरला, आधी एकटा पलीकडे गेला आणि तिथून वळून दोन्ही हात वर करून उभा राहिला. नऊ घरांतली सगळी माणसं त्याच्या मागे जमली होती. गंगाने पहिला गिअर टाकला. साकवाचे पत्रे चाकाखाली एकेक करत वाजले. केरूच्या तोंडातून ये, ये, सरळ, एवढंच निघत होतं. गाडी मातीवर आली तेव्हा तो वर केलेले हात खाली घ्यायला विसरला.

दिवसभर गिरण चालली. देवळासमोर तुसाचा ढीग झाला. काशीने सगळ्यांचं झाल्यावर आपलं भात आणलं. वर्षभर कणग्यात राहिलेलं, चांगलं कोरडं. पहिला तांदूळ तिने वाकड्या हाताने ओंजळीत घेतला, हुंगला, आणि पदराने डोळे पुसले. गंगाही रडली. केरू इंजिनाशी उगाच काहीतरी करत बसला.

उन्हं कलली तशी निघायची वेळ झाली. गंगा गाडीत बसली आणि काशी घरातून पिशवी घेऊन आली. पाच पायल्या ताजा भरडलेला तांदूळ, लेकीसाठी. माहेरवाशीण त्या वाडीतून कधी रिकाम्या हाताने गेलेली नाही, आणि काशीने तर गेल्या साली काहीच दिलं नव्हतं. गंगाने पिशवीकडे बघितलं, मग स्टिअरिंगकडे. काट्यावर दहा किलोच शिल्लक होते. पाच पायल्या म्हणजे अठरा किलो तरी होणार. आईला नको म्हणायचं तिच्या जिभेवर येईना, आणि हो म्हणायचं म्हणजे केलं-सवरलं सगळं पाण्यात. काशी पिशवी पुढे करून तशीच उभी होती.

"गाडीत नको, मामी," केरू म्हणाला. "हिकडं द्या."

त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून पिळून चुंबळ केली. ती त्याला धड जमली नाही, तेव्हा काशीने ती सोडून परत वळली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. दोन बायकांनी पिशवी उचलून दिली. गाडी पुढे गेली, साकव उतरून पलीकडे थांबली, मग केरू निघाला. शहाण्णव किलोंचा माणूस, डोक्यावर अठरा किलो, आणि आयुष्यात डोक्यावरून ओझं कधी नेलेलं नाही. दहा पावलांत मान आखडली. खाली बघावं तर पिशवी पुढे येते, न बघावं तर पाय कुठे पडतोय ते कळत नाही. मधोमध आला आणि पत्रा वाजला. काशी इथंच पडली असणार, असं त्याच्या मनात आलं. त्याने दम खाल्ला आणि पाऊल टाकलं.

पलीकडे पोचला तेव्हा सदरा घामाने भिजला होता. गंगा पिशवी घ्यायला खाली उतरली होती.

"हे किती वर्सं करायची गो ती?" त्याने विचारलं.

"माज्या जन्माच्या आधीपासनं," गंगा म्हणाली. "आणि गिरणीवरनं परत येताना चढ असायचा."

आता साकव मागे पडला होता, वजनाची भीती नव्हती. गंगाने चालकाच्या बाजूचं दार उघडून किल्ली त्याच्यापुढे धरली. केरूने ती घेतली नाही. मागे जागा होती, पण त्याने पिशवी मागेही टाकली नाही. ती मांडीवर घेऊन तो डाव्या बाजूला बसला, आणि घरापर्यंत गाडी गंगाच चालवत गेली.