संत्र्यांची पाळी

संत्र्याच्या फोडीवरचा पांढरा धागा टोकाकडून ओढला तर अख्खा निघतो. मधूनच धरला तर तुटतो. मृदुला टोकाकडून ओढत होती. बिया आधीच काढून झाल्या होत्या.

"आई, जस्ट कट देम!" श्रिया फुटबॉलचे बूट शोधत ओरडली.

"तू गप्प बस. पहिल्यांदाच नेतेय मी."

संत्र्यांची पाळी तशी याआधीही आली होती. शनिवारच्या मॅचला हाफटाइमसाठी एका घराने संत्री न्यायची, ही इथली रीत. मृदुला दर वेळी काहीतरी सांगून सुटायची. कोळशाच्या खाणीचं हे गाव रिकामं होत चाललेलं. 'आपण काय, आज ना उद्या जाणारच,' हे घरातलं नेहमीचं वाक्य! शहराकडे, हॉर्नबीत, घरही बघून ठेवलं होतं. खरं तर तिचा नवरा प्रसाद घरूनच काम करायचा. मृदुला खाणीतून ओढ्यात येणारं पाणी तपासायची, आणि खाण बंद झाली तरी ते काम उरणारच होतं. तरी 'राहू या' हे शब्द तिच्या ओठांवर येऊन परत जायचे. हॉर्नबीच्या एजंटला आज उत्तर हवं होतं.

हाफटाइम झाला. मुली धावत आल्या आणि डब्यापाशी थबकल्या. सगळ्यांचे हात काळ्या चिखलाने माखलेले!

"सालीसकट चार तुकडे करतात," कोच मोआना हसू दाबत म्हणाली. "साल धरायची आणि खायचं."

मृदुलाचा चेहरा उतरला. तेवढ्यात गोलकीपर पोरीने तिच्यासमोर येऊन मोठा 'आ' केला. मृदुलाने तिला फोड भरवली. मग काय, रांगच लागली!

"थँक्स, श्रियाज मम! स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत, एकदम झकास.

"सो एम्बॅरसिंग," श्रिया पुटपुटली, पण शेवटी तिनेही तोंड उघडलंच.

मुली मैदानात परतल्या. मृदुलाने मोआनाला विचारलं, "अकराच जणी आहेत ना?"

"अकराच. एक गेली की टीम बंद."

"मग आम्ही राहणार का, हे कधी विचारलं नाहीत?"

"जाणाऱ्याला कशाला अडवायचं? कामासाठी गेले त्यांच्याबद्दल तक्रारच नाही. पण काही जण इथे वर्षानुवर्षं राहतात आणि तरी पाहुणेच असतात. खाण बंद पडण्यापेक्षा त्याने गाव जास्त रिकामं होतं."

मृदुलाला लागलं ते. ती हळूच म्हणाली, "आमच्या पहिल्या हिवाळ्यात कोणीतरी दाराशी लाकडं रचून गेलं होतं. आभार कोणाचे मानायचे, तेच कळलं नाही."

"टीमच्या पालकांनी ठेवली. लाकडांचीही पाळी असते आमच्यात."

"पण तेव्हा श्रिया टीममध्ये नव्हती!"

"नव्हतीच," मोआना म्हणाली. "पण थंडी होती ना?"

मृदुलाचे डोळे भरून आले. राहणार की जाणार, हे कोणी विचारलंसुद्धा नव्हतं! मित्रहो, गाव आपलं कधी होईल याची वाट पाहत बसलो तर ते कधीच होत नाही. आपली पाळी आपण उचलली, की त्या दिवसापासून ते आपलं!

प्रसाद फोन हातात धरून आला. "एजंट आहे गं. काय सांगू? नेहमीसारखं 'बघू'?"

मृदुलाची बोटं रसाने चिकट झाली होती. ती तशीच पदराला... पदर कुठला, जॅकेटला पुसत ती म्हणाली,

"नाही. घर नको म्हणून सांग. आपण इथेच राहतोय."