गव्हाणीच्या जागी ओटा

मित्रांनो, फैजपूरच्या अलीकडे, केळीच्या बागांना लागून एक खेडं आहे. तिथल्या एका खळ्यात मी ऐंशी वर्षं गोठा म्हणून उभा होतो. आता माझ्या दारावर पितळी पाटी आहे, आत सोफा आहे आणि सगळे मला घर म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण खरं सांगू? मला आता आडवं व्हायचं होतं. आम्हा गोठ्यांची निवृत्ती तीच.

बन्सीलाल आबांनी मला बांधलं. पांढरी माती गव्हाच्या भुशात तुडवून दीड हात जाडीच्या भिंती घातल्या, सातपुड्यातून बैलगाडीने सागाचे खांब आणले. चौदा जनावरं होती माझ्याकडे! पाहुणे चहाच्या आधी मला बघायला यायचे. "आबा, गोठा करावा तर असा," असं कुणी म्हटलं की मी फुगून जायचो. पुढे बेबाबाई कामाला यायला लागली. दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी ती माझ्या भिंतींना शेणमातीचा पोतारा द्यायची. तिचा तळहात फिरला की वर्षाचा शीण उतरायचा.

मग ट्रॅक्टर आला. जनावरं एकेक करून गेली, पोतारा थांबला. माझ्यात ठिबकच्या नळ्या, खताच्या रिकाम्या गोण्या आणि मोडका फवारणी पंप येऊन पडला. एका मांजरीने तीनदा पिलं घातली, एवढीच काय ती वर्दळ.

पुढे वाटण्या झाल्या. राहतं घर आबांच्या थोरल्या नातवाकडे गेलं आणि मी धाकट्याच्या, नीलेशच्या वाट्याला आलो. तो जळगावात मेहरूणला भाड्याने राहायचा. बाग सांभाळायला परत आला, सोबत बायको चारुलता आणि आठ वर्षांची भाविका. चारुलताने माझ्या खांबांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पाडायचं नाही. यातच राहायचं." मी थकलेलो होतो, तरी त्या शब्दांनी मला गहिवरून आलं.

गव्हाण फोडून तिथे स्वयंपाकाचा ओटा झाला. बैल जिथे शेपट्या हाणायचे तिथे न्हाणीघर. आणि ठेकेदाराने आतून-बाहेरून सिमेंट मारून मला गुळगुळीत केलं. बेबाबाई दारातूनच म्हणाली, "भाऊ, मातीच्या भिंतीले सिमिट काबरं लावलं? जीव गुदमरीन तिचा."

"अक्का, पोताऱ्याचा जमाना गेला आता," नीलेश हसून म्हणाला.

मातीची भिंत पाणी पिते आणि वाऱ्यावर सोडून देते. आमची रीतच तशी. आता न्हाणीचं पाणी आत मुरत होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. माझा पाय मऊ झाला, भिंतीला फुगवटा आला. नेमक्या त्याच भिंतीला पाठ टेकून भाविका शाळेतून आल्यावर अभ्यासाला बसायची. फुगवटा वाईट दिसतो म्हणून चारुलताने त्यावर कॅलेंडर टांगलं!

मित्रांनो, अंग सोडून देणं सोपं होतं. मी तर त्याचीच वाट बघत होतो. पण पाठीला टेकलेली ती पाठ फार लहान होती. नऊ दिवस मी दात-ओठ आवळून उभा राहिलो. दहाव्या दिवशी दुपारी पोर पाणी प्यायला उठली आणि मी सिमेंटचा एवढा मोठा पोपडा कॅलेंडरसकट खाली टाकला.

ठेकेदार म्हणाला, "काही नाही, वरून वॉटरप्रूफ मारू." आवाज ऐकून बेबाबाई आली होती. तिने भगदाडात हात घातला, मूठभर माती काढली आणि नीलेशसमोर दाबली. बोटांतून पाणी गळलं.

"पाह्य भाऊ. पोरगी हिलेच टेकून बसते ना?"

नीलेशचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "अक्का, आता काय करायचं?"

"आधी लाकडी बल्ल्यायचा टेकू दे. मंग बठ्ठंच्या बठ्ठं सिमिट काढ, न्हाणी बाहेर ने अन् हिले वाळू दे. पोताऱ्याले मी हाये."

ठेकेदार गेला. दोन महिने नीलेशचं कुटुंब थोरल्या भावाकडे राहिलं आणि मी उघड्या अंगाने वाऱ्यात उभा होतो. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला! आखाजीच्या आधी पोतारा झाला. चारुलता कोपरापर्यंत चिखलात होती. बेबाबाईने तिचा हात धरून दाखवलं, "बोटायनं नाही, तळहातानं."

मित्रांनो, जुन्याला नवं काम द्यायचं तर जरूर द्या. पण तो श्वास कसा घेतो, हे आधी विचारा. त्याच्या दुखण्यावर कॅलेंडर टांगू नका. दर आखाजीला एकदा हात फिरवा, एवढंच मागणं आहे.

मी अजून दमलेलाच आहे. पण चार वाजले की भाविका दप्तर टाकते आणि मला पाठ टेकून बसते. मग आडवं होणं मी उद्यावर ढकलतो.